चौथ्या सीटला, अर्धांग नमस्कार

प्रिय चौथी सीट,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो. पण साष्टांग म्हणजे आठ अंगं टेकायला हवीत, आणि तुझ्यावर तेहतीस वर्षांत माझं एकच अंग टेकलं, तेही अर्धं. तेव्हा अर्धांग नमस्कार. वायू म्हणशील, तर तो मुलुंडपासून डाव्या पायात चढायला लागतोच.

पत्रास कारण की, येत्या ३१ तारखेला मी निवृत्त होतोय. पास त्याच दिवशी संपतो, नवा काढणार नाही. ऑफिसात निरोप समारंभ आहे. शाल, श्रीफळ, आणि ज्यांनी माझी एक रजा कधी सरळ मंजूर केली नाही त्यांची माझ्या कामसूपणावर भाषणं. तुला निरोप द्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात येणार नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही खुलं. बंद पाकिटात घातलं असतं, पण वर पत्ता काय लिहू? रेल्वेच्या कागदावर तू नाहीसच. बाक तिघांचा, तिघांसाठीच बनवलेला. तू म्हणजे तिसऱ्याच्या मांडीपलीकडे उरलेली चार बोटं जागा आणि पुढची हवा.

(पुण्याच्या वाचकांसाठी खुलासा: हो, तिथे माणूस बसतो. नाही, पडत नाही. हो, पैसे तेवढेच पडतात.)

तुला मागण्याची एक रीत आहे, ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. तोंडाने मागायचं नाही. तिसऱ्याच्या गुडघ्याला एक बोट लावायचं आणि तळहात उभा धरून हवेतच थोडा आत ढकलायचा, ताटातला भात बाजूला सारावा तसा. तो मान वर करत नाही. मोबाइलवरची नजर तशीच ठेवून एक कुल्ला उचलतो, दुसऱ्याला ढकलतो, दुसरा पहिल्याला, आणि खिडकीतला पहिला, ज्याला सरकायला आता फक्त ठाण्याची खाडी उरलेली असते, तोही उगाच हलल्यासारखं करतो. एवढं झालं की तू जन्माला येतेस. उतरणारा उठला की संपतेस. फर्स्ट क्लासमध्ये एकदा चुकून तुझी मागणी केली होती. सगळे माझ्याकडे इंग्रजीत बघायला लागले.

तुझ्या घराण्याचा इतिहास शोधायला गेलो तर फार मागे जाता येत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे होते. म्हणजे डब्याला तीससुद्धा नाहीत! एकवीस तोफांची सलामी झाली. ज्या गाडीत पाय पसरून बसता येतं तिलाच सलामी देतात, हा आपला देश. आता रेल्वेवाल्यांच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्द आहे. अर्थ असा की एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. एक चौरस मीटर म्हणजे साधारण कॅरमचा मोठा बोर्ड ठेवायला लागते तेवढी जागा. त्यावर एकोणीस सोंगट्या आणि वर स्ट्रायकर मावतो हे मान्य, पण सोंगट्यांच्या पाठीला सॅक नसते.

तरी मला वाटतं, तुझं मूळ रेल्वेत नाही, या गावाच्या जमिनीतच आहे. सात बेटं होती. मधल्या खाड्या बुजवून ती एकमेकांना खेटून बसली, आणि त्यालाच आपण मुंबई म्हणतो. म्हणजे इथली जमीनही कुणीतरी ‘जरा सरका’ म्हटल्यावर झालेली आहे. पुन्हा मालकीचं काही विचारू नकोस. पोर्तुगीजांनी बेटं हुंड्यात दिली, इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. जे गावच मुळात भाड्याने लागलेलं, तिथे ‘हे शहर कुणाचं’ यावर दर निवडणुकीत गळे का काढतात कोण जाणे. काढतात खरे, आणि मीही काढलेत. हुतात्मा चौकावरून रोज ऑफिसला चालत जाणाऱ्या माणसाने ते काढू नयेत असं मला अजूनही वाटत नाही. या गावासाठी माणसं गोळ्या खाऊन पडलीत, ती भाडेकरार वाचून नव्हे. तेव्हा हा मुद्दा इथेच सोडतो. तुझ्यावर बसून भांडायला वाव नसतो, पत्रात तरी कशाला?

आमच्या घरात तू गाडीच्याही आधी आलीस. वडील चिपळूणकडून परळला आले ते गिरणीत. दहा बाय बाराची खोली, भाडेकरू एक, राहणारे नऊ, आणि सगळे पाळीने झोपायचे. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीच्याला उठवायचा. अंथरूण थंड व्हायची सोय नव्हती. कोकणातून कुणीही पत्र न पाठवता यायचं, आणि आई डाळीत तांब्याभर पाणी वाढवायची. त्याला कुणी ‘सहिष्णुता’ म्हणत नव्हतं. म्हणायचे, “आलाय, आता काय करणार?” १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो संपला कधी ते वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मग आईने वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस केला. तिथल्या सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात मिळतात, पाय मिळतात, बाळं मिळतात आणि घरंही. ज्याला जे हवं ते त्याने वाहायचं. आमची आई, जी एरवी मंगळवारी सिद्धिविनायक आणि गुरुवारी दत्त सोडून कुठे वळायची नाही, तिने मेणाचं घर वाहिलं. दार, दोन खिडक्या, वर कौलं. आणि १९८६ मध्ये खरंच घर मिळालं. डोंबिवलीत! मोतमाउली पडली पश्चिम रेल्वेवरची, तिला मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाची कल्पना नसणार. आईने मात्र कधी तक्रार केली नाही. “मी घर मागितलं होतं, स्टेशन कुठे सांगितलं होतं?” म्हणायची.

तेव्हापासून तुझी-माझी गाठ. नोकरी लागल्यावर ती रोजची झाली. सकाळी ८:१४ डोंबिवलीला येते ती कल्याणकरांनी भरूनच येते, त्यामुळे विंडो वगैरे शब्द आम्ही फक्त ऐकून आहोत. दसऱ्याला डब्यात झेंडूची तोरणं लागतात, खिडक्यांना हार, दाराला आंब्याची पानं, लक्ष्मीचा फोटो, पेढे. तुला कुणी हार घालत नाही. घालणार कुठे? पण पेढा वाटताना बाकावर चार वाटतात. रेल्वेने नाही मोजलं तरी पेढेवाल्याने तुला कायम मोजलंय, एवढं तुझ्या कानावर घालून ठेवतो.

आता तक्रारीचं. दर काही वर्षांनी एखादा विचारवंत, गाडीत बसून (चार चाकांच्या), तुझ्यावर भाळतो. बघा, म्हणतो, एका बाकावर गुजराती, भय्या, कोळी, मुसलमान, ख्रिश्चन. हीच खरी मुंबई! त्याला कुणीतरी सांगायला हवं की बाबा, आम्ही एकमेकांना निवडलेलं नाही. पुढची गाडीही भरलेलीच येणार होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी कुर्ल्यापासून रुळांतून चालत निघालो, आणि एका चाळीच्या पायरीवर अनोळखी बाईने मला ग्लुकोजची बिस्किटं आणि कोरा चहा दिला. तिचं नाव, गाव, जात, काही माहीत नाही. ते बिस्किट आठवतं, ओलं होऊन अर्धं कपात पडलं होतं. हे खरं. पण तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे कामावर हजर होतो तेही खरं, आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हटलं. कसलं स्पिरिट? साहेब मस्टरवर लाल शेरा मारतो.

शिवाय तुझी एक बाजू तुझे भक्त सांगत नाहीत. तू म्हणजे वाढीव जागा नव्हेस, आहे तीच जागा आणखी एकाला वाटून दिलेली. तिघांच्या तीन मांड्या अर्ध्या-अर्ध्या कापून तू होतेस. तू आहेस म्हणून वरच्यांना वाटतं, मावतायत की! आणखी मावतील. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसात माणसं थांबली, खालून गाडीची आली, वरून कुणाला उतरता येईना. तेवीस गेली. त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण आयुष्यभर कुणाला तरी ‘या, बसा’ म्हणत सरकलेला असणार. त्या दिवशी सरकायला भिंत होती. पुढच्या वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं.

एवढं असूनही तुझी बाजू घ्यावीशी वाटते, ती एका प्रश्नासाठी. तू देताना एकच विचारतेस: “कुठे उतरणार?” बस्स. दादर म्हटलं की दादर. त्यापलीकडे काही नाही. आणि हाच माणूस संध्याकाळी आपल्या बिल्डिंगच्या गेटातून आत गेला की त्याला प्रश्नच प्रश्न सुचतात. आडनाव काय? खाणंपिणं कसं? अंडं चालतं? एकटे की फॅमिली? गाव कुठलं? मूळ गाव? सकाळी ज्याच्या घामाने शर्ट भिजला त्याच्याकडून संध्याकाळी तीन पिढ्यांचा दाखला.

कळावे, लोभ असावा, असं लिहून इथे संपवणार होतो. पण एक गोष्ट राहिलीय, आणि ती न सांगता निवृत्त होणं बरं नाही.

आमच्या ८:१४ ला कल्याणहून बसून येणारा एक मुलगा आहे. एसी दुरुस्तीचं काम करतो, पायांत हत्यारांची पिशवी, तिसरी सीट ठरलेली. चार वर्षं मला त्यानेच तू दिलीस. पहिले सहा महिने आम्ही एकमेकांशी हिंदीत बोललो, या शहरात दोन मराठी माणसं बोलतात तसं, अडखळत आणि फार सभ्यपणे. एके दिवशी त्याला फोन आला आणि तो म्हणाला, “आंब्याला मोहर धरला काय रे?” चिपळूणच्या खालचं गाव निघालं. आमच्या गावापासून दोन डोंगर. त्यानंतर ठाणे येईपर्यंत भात, पाऊस, माकडं. माकडांवर आमचं पूर्ण एकमत आहे.

गेल्या दिवाळीनंतर तो म्हणाला, “काका, लग्न ठरलंय. डोंबिवलीत भाड्याने बघून द्या.” आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता आणि मी कमिटीवर आहे. म्हटलं, झालं समज. सभेत मी विषय मांडला. चेअरमन म्हणाले, आपलं एकच म्हणणं आहे, मराठी माणूसच हवा. मी म्हटलं, अस्सल मराठी, चिपळूणकडचा. सगळे खूश. आडनाव? सांगितलं. गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. आणखी खूश, कुणीतरी म्हणालं, आमच्या आत्याच्या गावाजवळचे दिसतात. मग सेक्रेटरीने फॉर्मवर लिहायला पेन उघडलं आणि विचारलं, पूर्ण नाव?

मी पूर्ण नाव सांगितलं.

कुणी काही बोललं नाही. वाईट तर अजिबात बोललं नाही, आमची बिल्डिंग सुशिक्षित आहे. पेनाला टोपण लागलं. कुणीतरी चहा सांगितला. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, आणि त्यावर मी दहा मिनिटं बोललो. टाकीवर. शेवटी ‘मालकाचा नातेवाईक येण्याची शक्यता असल्याने तूर्त भाड्याने देणे नाही’ असं पत्र तयार झालं. खाली तीन सह्या, तिसरी माझी.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ८:१४ सोडली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी साहेबांनी मस्टर मागवलं, म्हणून गेलो. त्याला म्हटलं, मालकाचा नातेवाईक येतोय. “हां, होतं काका असं,” तो म्हणाला. एवढं लगेच म्हणाला की ते त्याला आधीच पाठ असावं. बायकोला घेऊन आता मुंब्र्याला राहतो. तिथे माणसं मिळाली, म्हणाला. गाडी तिथे भरलेलीच येते, म्हणून उलटा कल्याणला जातो आणि तिथून बसून येतो. वीस मिनिटं जास्त.

काल सकाळी डोंबिवलीला चढलो. डब्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी त्याच्या गुडघ्याला बोट लावलं नाही, या चार महिन्यांत एकदाही लावलेलं नाही. त्याने पाय पिशवीसकट आत घेतले, दुसऱ्याला खांद्याने ढकललं, आणि मोबाइलवरून नजर न काढता सरकला. चार बोटं. आधी देत होता तेवढीच.

मी बसलो.

तुझा,
(अर्धा)
एक डोंबिवलीकर