बिनसाखरेची वहिनी

आमच्या वहिनीने साखर सोडली त्याला दोन वर्षं झाली. चहा बिनसाखरेचा, श्रीखंड फक्त बघायचं, मोदकाची उकड खायची आणि सारण पोरांना द्यायचं. पण शेजारी बसावं तर असा घमघमाट, की जत्रेतला मिठाईवालाच टेकलाय वाटावं. तोंडाने सोडलेलं तिने नाकाने धरलं. अशी एक तरी वहिनी हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडते.

सध्याचा पेच : ‘एंजल’ की ‘ब्लॅक ओपियम’? दोन्ही अत्तरं खाऊच्या वासाची. एंजल १९९२चं, या गोड घराण्याची आजीच. फॅशन डिझायनर थिएरी म्युग्लरला लहानपणीची जत्रा बाटलीत हवी होती. अत्तरकार ऑलिव्हिए क्रेस्पने ती एथिल माल्टॉल घालून भरून दिली. एथिल माल्टॉल म्हणजे वासाने थेट म्हातारीचे केस. त्याखाली पाचोलीचा मातकट दर्प. ब्लॅक ओपियम २०१४चं, त्यात कॉफी आणि व्हॅनिला.

मॉलमध्ये ही आमची तिसरी खेप. मी पिशव्या धरायला. डाव्या मनगटावर एंजल, उजव्यावर ओपियम. कागदी पट्ट्यांवर तिचा विश्वास नाही. “कागदाला कुठे घाम येतो?” मग डोळे मिटून आळीपाळीने मनगटं नाकाशी, लांबून बघणाऱ्याला अनुलोम-विलोम वाटावा. नाक थकलं म्हणून काउंटरवरच्या मुलीने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. वहिनीने हुंगली आणि उजळली. “अगं, हे तर ओपियमपेक्षा छान! हे कितीला?”

“घाई नका करू मॅडम, खरा वास दोन तासांनी कळतो,” असं ती मुलगी बोलून गेली. दोन तास आम्ही फूडकोर्टात. वहिनीने पाणी घेतलं, मी गुलाबजाम. “भाऊजी, तुमचा वास मध्ये येतोय,” म्हणून मला पलीकडच्या टेबलावर बसवलं.

घरी आईने डावं मनगट हुंगलं. “पाक करपला का गं?” पुन्हा हुंगलं. “पण खाली पाच आहे. आम्ही वेणीत घालायचो.” पाच आणि पाचोली एकाच गोत्रातल्या, आणि आईने कुठलंही माहितीपत्रक वाचलेलं नव्हतं. “छान आहे, हेच घे,” आई म्हणाली. सासूला आवडलं म्हटल्यावर वहिनी तत्काळ ओपियमकडे झुकली.

दोन्ही बाटल्या अजून दुकानातच आहेत. लिफ्टमध्ये वहिनी भेटली, तर दोन मनगटं पुढे येतील. डोळे झाकून “उजवं” म्हणा. “डावं” म्हणालात तर ती “का?” विचारते, आणि आमचा मजला अकरावा आहे.