फुटलेला गेम विकणाऱ्यास

गड्या,

परवा लातूरच्या ट्यूशन एरियात टपरीवर चहा घेत होतो. शेजारी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारी तीन पोरं एकाच मोबाईलवर वाकली होती. तुझंच चॅनल. 'जीटीए 6' या गेमची चोरीची क्लिप, हॉटेलात दरोडा चाललेला, चित्रावर प्रोग्रामरच्या कामाची अक्षरं पसरलेली. "काय भंगार ग्राफिक्स!" तू ओरडत होतास. वर 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेलं.

तुझं काय होतं त्यात? सप्टेंबर 2022 मध्ये इंग्लंडमधल्या एका पोरानं तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारच्या यंत्रणेत घुसून 90 क्लिपा बाहेर काढल्या. तो राहत होता त्या हॉटेलातल्या टीव्हीला फायर स्टिक लावून. तू त्याचा उष्टा घास विकलास, तोही अर्धकच्च्या कामाची टर उडवत. त्या आठवड्यात जगभरच्या गेम बनवणाऱ्यांनी आपापली अर्धवट, ओबडधोबड दृश्यं स्वतःहून दाखवली, कारण काम असंच उभं राहतं हे त्यांना ठाऊक होतं.

फुटणं म्हणजे काय, हे लातूरकराला कुणी शिकवायला नको. जून 2024 मध्ये नीटच्या पेपरफुटीच्या गुन्ह्यात इथल्या दोन शिक्षकांना अटक झाली, तेव्हा रात्ररात्र जागलेल्या पोरांचे चेहरे मी पाहिलेत.

कंपनीनं झाकलेलं पत्रकारानं उघडू नये, असं मी म्हणणार नाही. उघडावंच. 'कोटाकू' या गेमच्या बातम्या देणाऱ्या साइटनं डिसेंबर 2014 मध्ये 'असॅसिन्स क्रीड' या गेमच्या जाहीर न झालेल्या भागाची बातमी छापली, तर तो बनवणाऱ्या युबिसॉफ्टनं त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. नोव्हेंबर 2015 मध्ये संपादक स्टीफन टोटिलो यांनी ते वाचकांना नावानिशी सांगितलं. त्यांनी किंमत मोजली, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो.

त्याच युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडं 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाईम' या गेमचा रिमेक होता. सप्टेंबर 2020 मध्ये ट्रेलर आला. तो कंपनीनं स्वतः दाखवलेला, त्यावर टीका करायला कुणाची हरकत? लोकांनी केलीही. मग तारखा पुढं गेल्या आणि 2022 मध्ये काम माँट्रियलला गेलं. आगाऊ पैसे भरलेले लोक ताटकळले. पुण्यात नेमकं काय बिनसलं? मुदत कुणी ठरवली, माणसं किती दिली, दोष कुणावर ढकलला? आपल्या भाषेत बोलणारी पोरंपोरी तिथं राबत होती. त्यांना तू एकदा तरी विचारलंस का?

ती क्लिप आजच काढ. आणि पुण्याला फोन लाव.

तुझा,
लातूरचा एक बातमीदार