4,29,49,67,297 घरच्या घरी कशी तपासावी?

साहित्य: कोरे कागद, पेन, रिकामा रविवार. घरात स्कॉलरशिपची तयारी करणारे पोर असल्यास त्याला आधी खेळायला पिटाळावे.

पायरी 1. संख्या मोठ्याने वाचा: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मध्येच अडखळलात तर पुन्हा पहिल्यापासून.

पायरी 2. शाळेतल्या कसोट्या लावा. शेवटी 7 आहे, म्हणजे 2 आणि 5 गेले. अंकांची बेरीज 59, म्हणजे 3 गेला. 7 ने भागा, बाकी 5. 11 ने भागा, पुन्हा 5. इथे 'ही मूळ संख्याच असणार' असे आतून वाटू लागते. वाटू द्या. हे भल्याभल्यांना वाटले आहे.

पायरी 3. थोरामोठ्यांचा हवाला द्या. ही संख्या म्हणजे 2³² + 1. घात 1, 2, 4, 8, 16 घेतले तर 3, 5, 17, 257, 65537 मिळतात आणि पाचही मूळ निघतात. पुढेही असेच चालणार, असे फर्माने 1640 मध्ये पत्रातून कळवले. सिद्धता जमत नाही, हेही त्यानेच लिहिले. तो तुलूजच्या न्यायालयातला माणूस. पाच साक्षीदार एका सुरात बोलल्यावर सहाव्याची उलटतपासणी कोण घेतो?

पायरी 4. आता निमूटपणे भागायला बसा. वर्गमूळ 65536 च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत 6542 मूळ संख्या आहेत. ओळीने गेलात तर 116 व्या भागाकाराला सुटका होते. ती कोणत्या संख्येला होते, हे पुढची पायरी आधीच वाचणाऱ्यांना कळेल.

पायरी 5. (आळशांसाठी.) या संख्येचा मूळ अवयव 64 च्या पटीहून 1 ने मोठाच असावा लागतो, हे ऑयलरने सिद्ध केले. म्हणजे उमेदवार उरले 193, 257, 449, 577, 641... पाचवाच लागू पडतो! 641 × 6700417. हा अवयव ऑयलरने 1732 मध्ये दाखवला आणि फर्माचे अनुमान कोसळले.

पायरी 6. भागाकारावर विश्वास नसेल तर असे पाहा. 641 = 5 × 2⁷ + 1, म्हणून 641 च्या हिशेबात 5 × 2⁷ ची किंमत −1. चौथा घात घेतला की 5⁴ × 2²⁸ ची किंमत 1. पण 641 = 5⁴ + 2⁴ सुद्धा आहे, तेव्हा 5⁴ च्या जागी −2⁴ ठेवा. −2³² = 1, म्हणजेच 2³² + 1 = 0. बाकी शून्य, वाद मिटला.

सावधान: ही संख्या 32 बिटांच्या चौकटीत कोंबू नका. वरचा बिट गळतो आणि हाती नुसता 1 राहतो. त्याचे अवयव पाडणे सोपे असले तरी ते धरले जाणार नाही.

गृहपाठ: आता 2⁶⁴ + 1 घ्या. आकडे फक्त वीस. फॉर्च्युन लांद्री यांनी 1880 मध्ये तिचे अवयव पाडले, तेव्हा त्यांचे वय 82 होते. तेव्हा सवडीने होऊ द्या.