काठावर पास

हा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. वय पंचावन्न ते साठ, बँकेतून नुकताच निवृत्त झालेला किंवा निवृत्तीला टेकलेला. केस काळे केलेले, मिशी मात्र प्रामाणिक. हातपाय बारीक, गालफडं बसलेली, आणि सदऱ्याच्या तिसऱ्या बटणापासून पाचव्या बटणापर्यंत एक सुबक गोलाई. त्याला आपण काका म्हणू. पुण्यात या वयाच्या माणसाला दुसरं काही म्हणायची सोयही नाही.

काकांना तब्येत विचारली तर ते "उत्तम" म्हणत नाहीत, कारण दृष्ट लागते. "बरी नाही" असंही म्हणत नाहीत, कारण लोक सल्ले देतात. ते म्हणतात, "बॉर्डरलाइन." साखर? बॉर्डरलाइन. प्रेशर? बॉर्डरलाइन. कोलेस्टेरॉल? "तेही बॉर्डरलाइनच, पण चांगल्या बाजूचं." ही चांगली बाजू कोणती, ते लॅबवाल्यालाही अजून कळलेलं नाही.

लॅबचा रिपोर्ट काका दहावीच्या निकालासारखा वाचतात. चष्मा कपाळावर, बोट आकड्यावर. उपाशीपोटी साखर ११२. "मधुमेह १२६ ला धरतात. म्हणजे चौदा मार्कांनी सुटलो." रक्तदाब १३४/८६. "वय अधिक शंभर हा आमच्या वडिलांच्या डॉक्टरांचा हिशेब. त्या हिशेबानं माझे बावीस शिल्लक आहेत." ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातला मेद, १७८. "दोनशेला हात लागलेला नाही." एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३७, हवं चाळीसच्या वर. "तीन मार्कांसाठी कुणी नापास करतं का? ग्रेस द्यायची असते." असा सगळ्या विषयांत काठावर पास झालेला रिपोर्ट मग प्लास्टिकच्या फायलीत जातो आणि काका कांदाभज्यांची चौकशी करतात.

या निकालामागे तीन दिवसांचा कसून अभ्यास असतो, हे सांगायला हवं. रक्त द्यायचं ठरलं की काका परीक्षेआधीच्या पोराइतके शहाणे होतात. चहात साखर बंद, भात बंद, रात्री मुगाचं वरण. या तपस्येनं ट्रायग्लिसराइड खरोखरच थोडं उतरतं. पण अलीकडे डॉक्टर एचबीएवनसी नावाची एक चाचणी सोबत लिहून देतात आणि काकांना तिचा मनस्वी राग आहे. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि त्या काळात तिच्यावर जी साखर चढली ती चढलीच. त्यामुळे ही चाचणी तीन दिवसांचं मुगाचं वरण बघत नाही. गेल्या तीन महिन्यांतलं श्रीखंड, आमरस आणि भाचीच्या लग्नातली जिलबी, सगळं बघते. काकांचा आकडा आला ६.३. मधुमेह ६.५ पासून. "पॉइंट दोननी," काका म्हणाले आणि फाइल मिटली.

व्यायाम काका रोज करतात. पहाटे सहाला तळजाई टेकडी. पायात मुलानं अमेरिकेहून पाठवलेले बूट, डोक्याला माकडटोपी, बरोबर पाच मित्र. अडचण एवढीच, की पुणेकराला चालता चालता मुद्दा मांडता येत नाही. मुद्दा महत्त्वाचा असला की तो थांबतो, समोरच्याचं कोपर धरतो आणि बोलतो. काकांच्या गटात बिनमहत्त्वाचा मुद्दा आजवर कुणी काढलेला नाही. त्यामुळे तास भरतो, फेरी भरत नाही. शेवट चहाच्या अमृततुल्यात होतो. तिथे "एवढं चालून आल्यावर चालतं" या तत्त्वावर एकेक क्रीमरोल घेतला जातो.

काकांना आरोग्याचं ज्ञान नाही, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. पेपरातलं आरोग्याचं पान ते अग्रलेखाच्या आधी वाचतात. फक्त त्यांच्या हाती पडलेली प्रत्येक माहिती सूट मिळवायच्या कामी येते. रोज दहा हजार पावलं चालावीत, हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच तो होता. हे वाचल्यापासून तो आकडा गाठणं काकांना तत्त्वात बसत नाही. जाहिरातीला आपण बळी पडत नाही, म्हणून ते अडीच हजारांवर थांबतात. डॉ. दीक्षितांच्या आहारपद्धतीतलं, एक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं हे कलम त्यांना पटलं. पंचावन्नच्या पंचावन्न मिनिटं ते जेवतात. आहारतज्ज्ञ दिवेकरांचं 'घरचं तूप खा' त्यांना त्याहून पटलं. आजोबा वाटीनं तूप प्यायचे आणि ब्याण्णव वर्षं जगले, हा दाखला तर तोंडपाठ. आजोबांचा तुपाचा वारसा काकांनी घेतला. मोट हाकायचा भावकीला सोडून दिला.

लंडनच्या बसवाल्यांची गोष्टही त्यांनीच मला सांगितली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास करून १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली; दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. आपल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या शंभरावर काही. म्हणजे कंडक्टर रोज पाच ते सात वेळा पर्वती चढत होता. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त निघाला. पुढे १९५६ मध्ये मॉरिस आणि त्याच्या साथीदारांनी दोघांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला मोठ्या निघाल्या. "म्हणून मी रिक्षा सोडली," काका म्हणाले. "पीएमपीनंच जातो." बसमध्ये शिरल्याबरोबर ज्येष्ठ नागरिकांची जागा कोण अडवून बसलंय, हे ते बघतात आणि त्याला उठवून स्वतः बसतात.

डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तर त्यांना अभिमानच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले हे संशोधक. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंची-वजनावरून निघणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. सारखाच सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून दुप्पट मेदाचा. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली, तर तीही तशीच: वजनाला कमी, पण चरबी राखून असलेली. काकांनी ही माहिती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'पुणेकराचा जागतिक सन्मान!' खाली अंगठे आले, फुलं आली, एक तिरंगा आला. हा मजकूर आपल्याच बटणांविषयी आहे, हे मात्र पाठवणाऱ्याच्या ध्यानी आलं नाही.

कारण काका स्वतःला बारीक समजतात. वजन ६७, बीएमआय २३.७. पंचविसापर्यंत चालतो, असं जगभरचं कोष्टक सांगतं. आशियातल्या लोकांसाठी धोक्याची रेघ तेविसावर ओढली आहे, हे त्यांना ठाऊक आहे. पण बीएमआयपुरते ते विश्वनागरिक होतात. आणि अखेरचा पुरावा पँटचा. "वीस वर्षं झाली, चौतीसचीच घालतो!" खोटं नाही. या वीस वर्षांत पँट वाढली नाही, ती खाली गेली. पट्टा पोटावरून निसटून पोटाखाली आला आणि तिथे कायमचा वस्तीला राहिला. शिंपी जुना, भिडस्त. तोही तिथेच फीत लावतो.

काकूंनी शेवटी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, काकांच्या जुन्या डॉक्टरांची सून. तिनं फाइल पाहिली, काही बोलली नाही, खणातून शिंप्याची फीत काढली.

"चौतीस," काका आधीच म्हणाले.

"पँट नको मोजायला, काका. बेंबीच्या पातळीवर धरते. श्वास सोडा."

काकांनी श्वास घेतला आणि आतच ठेवला. गोलाई दिसेनाशी झाली, मान लाल झाली. डॉक्टरीणबाई फीत धरून शांत उभी. मग तिनं सहज विचारलं, "काका, त्या नव्या उड्डाणपुलाचा काही उपयोग झाला का हो?"

"उपयोग? अहो, मुळात तो बांधलाच—" काकांचं मत बाहेर पडलं आणि पोटही. फितीनं आकडा दिला, ९५ सेंटिमीटर.

"आपल्याकडे पुरुषाचं नव्वदच्या आत हवं," ती म्हणाली. "बाईचं ऐंशीच्या." आणि तीच फीत तिनं काकूंकडे वळवली. नवऱ्याची फाइल इतकी वर्षं सांभाळणाऱ्या काकूंचा स्वतःचा एकही रिपोर्ट त्या फायलीत नव्हता. आकडा निघाला ८६. "मला काही होत नाही गं," काकू म्हणाल्या. या वाक्यात मात्र दोघांचे छत्तीस गुण जमत होते.

"काका, बँकेत एकेक व्हाउचर तपासलं की घरी जायचात का?"

"छे! टोटल टॅली झाल्याशिवाय शटर खाली येत नसे."

"मग करा टोटल. पोट नव्वदच्या वर, एक. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या वर, दोन. एचडीएल चाळीसच्या खाली, तीन. रक्तदाब १३०/८५ च्या वर, चार. उपाशीपोटी साखर शंभराच्या वर, पाच. यातले कुठलेही तीन असले की आम्ही त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. तुमचे पाच आहेत."

"पण एकेक पाहिलं तर काठावरच..."

"एकेक पाहायचंच नाही. हे पाच विषय नाहीत, काका, एकच विषय पाच वेळा तपासलाय."

मग तिनं समजावलं. पोटाच्या आत, आतड्याभोवती आणि यकृतात साठलेला मेद गप्प बसत नाही. त्यातून सुटणारी मेदाम्लं यकृतात जातात. यकृत ट्रायग्लिसराइड वाढवतं, साखरही जास्त सोडतं. शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं होतं, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. रक्तदाब चढतो, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली या साऱ्याची एकत्र मोट बांधली आणि तिला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. हा जमाव जमला की हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो, मधुमेहाचा पाचपट. त्यात आपण दक्षिण आशियाई. बावन्न देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय इतरत्र ५९ च्या आसपास निघालं, आपल्या भागात ५३.

काकांचं वय छप्पन्न. ते बराच वेळ वजनकाट्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तळजाईवर ते काय सांगतात याची उत्सुकता होती. काका थांबले, मित्राचं कोपर धरलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आपल्याला सिंड्रोम निघाला. स्टॅनफर्डचा." साध्या शुगरवाल्यांच्या गटात त्यांचं वजन एकदम वाढलं.

काका एकटे नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक आणि मधुमेहाच्या उंबऱ्यावर १३ कोटी ६० लाख. उंबऱ्यावरचे जास्त आहेत आणि त्यातले बहुतेक स्वतःला पास समजतात. काकांच्या या स्वभावाचा राग येत नाही, हीच खरी पंचाईत. ते व्यसनी नाहीत, बेफिकीर नाहीत, अडाणी तर नाहीतच. त्यांना सगळं माहीत आहे, फक्त सुटं सुटं. साखरेला वेगळं कारण, प्रेशरला वेगळं, पोटाला शिंप्याचा दाखला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रकमांची पैशापर्यंत बेरीज केलेल्या माणसानं स्वतःच्या पाच आकड्यांखाली रेघ ओढली नाही, हा काकांचा दोष.

आणि ती रेघ ओढण्यात भिण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेत या उंबऱ्यावरच्या लोकांना अंगच्या वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य दिलं होतं. २००२ साली निष्कर्ष आला: त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या अभ्यासातही राहणी बदलल्याचा फायदा दिसला, २८.५ टक्के. काकांच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे पावणेपाच किलो. आणि दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, कोपर न धरता.

तेव्हा शिंप्याची फीत घरात असेलच, नसली तर आणा. बेंबीच्या पातळीवर धरा, श्वास सोडा, आकडा लिहून ठेवा. पुरुषांना ९०, बायकांना ८०. त्याच्याखाली उरलेले चार आकडे लिहा आणि तो एक कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. बायकोचा कागद वेगळा करा. आणि तिथे कुणी कंबर विचारली, तर कृपा करून पँटचा नंबर सांगू नका.