तात्यांची तीन मतं

सोसायटीच्या ग्रुपवर परवा रात्री पोल पडला: 'आपला कल कोणाकडे?' पर्याय तीन. सत्ताधारी, विरोधक आणि 'सगळे एकाच माळेचे मणी'. सकाळपर्यंत १३१ मतं. ग्रुपमध्ये माणसं ८६.

बोगस मतदान वगैरे काही नाही. 'एकापेक्षा जास्त उत्तरं' हे बटण मुळातच चालू असतं, पोल टाकणारा ते बंद करायला विसरला, इतकंच. बी विंगच्या तात्यांनी तिन्ही गोलांवर खूण केली. म्हणजे तात्या सत्तेत आहेत, विरोधात आहेत आणि दोघांनाही शिव्या घालतायत. विश्लेषक अशांना 'कुंपणावरचे मतदार' म्हणतात. तात्या कुंपणावर तर आहेतच, शिवाय दोन्ही अंगणांतही.

गंमत पुढेच आहे. 'मतं पाहा' दाबलं की कोणी कुठे खूण केली ते नाव, फोटो आणि वेळेसकट दिसतं. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ मतदानाची गुप्तता फोडणाऱ्या निवडणूक कर्मचाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत आत टाकू शकतं. इथे सगळी गुप्तता अंगठ्याखाली. सेक्रेटरींनी रात्री ९ला सत्ताधाऱ्यांवर खूण केली. पावणेदहाच्या आत, ज्यांचं पार्किंग सेक्रेटरींकडे अडकलंय त्या सर्वांची वैचारिक भूमिका तीच निघाली. ज्यांच्या बाथरूमची गळती कमिटी अजून बघायलाही आलेली नाही, ते झाडून विरोधक. सकाळी सेक्रेटरींनी मत बदललं आणि नाश्त्यापर्यंत लाट उलटली! उद्या कोणी हा आकडा 'शहरी मध्यमवर्गाचा कौल' म्हणून टीव्हीवर नाचवेल. अहो, कौल कसला? पार्किंगची वेटिंग लिस्ट आहे ती.

आणि यातली निम्मी मंडळी वार्षिक सभेला कधी फिरकत नाहीत. ती सभा दर वर्षी गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते, हजर अकरा जण तेवढ्यात वडे खातात आणि पाण्याच्या टाकीचा लाखोंचा ठराव तिथेच, त्याच अकरांत मंजूर! तेव्हा कोणाचा कल कुठेही नसतो. लोकशाही धोक्यात आहे की नाही यावर पहाटे दोनला भांडायला मात्र कोरम फुल्ल. मतदानाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली की हेच लोणावळ्याला पळतात, आणि तिथून शाईच्या बोटाचा मागच्या निवडणुकीतला फोटो टाकतात.

शेवटी मीच ग्रुपवर विचारलं, रविवारच्या सभेला कोण कोण येणार? म्हणाले, असं तोंडी काय विचारताय, पोल टाका.

टाकला. 'येणार' ५२. 'येणार नाही' ४७.