उघड्या डोळ्यांचे शौर्य

आपल्या समाजातले साहस आटत चालले आहे, अशी खंत बाळगणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये जाऊन यावे. गुडघ्याला पट्टा, मनगटाला पट्टा, कपाळाला पट्टा, न घसरणारे बूट, रॅकेटला नवी ग्रिप अशा जय्यत तयारीने मंडळी उतरलेली दिसतात. घोटा मुरगळू नये, घाम भुवईखाली ओघळू नये, याची चोख व्यवस्था असते. डोळे मात्र जन्मल्या दिवशी होते तसेच उघडे. ज्याला प्लास्टर घालता येत नाही आणि जो बदलून मिळत नाही, नेमक्या त्याच अवयवाबाबत इतके निरिच्छ राहणे सोपे नाही. या वृत्तीचा जाहीर गौरव व्हायलाच हवा.

शटलची घडणही या साहसाला पोषक आहे. वजन जेमतेम पाच ग्रॅम, पण बुचाचा व्यास 25 ते 28 मिलिमीटर. आणि आपला नेत्रगोल सुमारे 24. फुटबॉल तोंडावर आला, तर बराचसा मार भुवईचे आणि गालाचे हाड झेलते. बूच या मध्यस्थांची गाठ न घेता थेट खोबणीत पोचते. तरबेज खेळाडूचा स्मॅश रॅकेटवरून सुटताना ताशी 300 किलोमीटरच्या पुढे असतो. पिसांमुळे तो लवकर मंदावतो खरा, पण दुहेरीत नेटजवळ उभ्या असलेल्या जोडीदाराला ही सवलत मिळेलच असे नाही. मागे आपला गडी काय मारतोय हे पाहायला तो मान वळवतो, आणि शटल त्याच क्षणी सुटलेले असते. सहकाऱ्यावर इतका भरवसा टाकणाऱ्याला चष्मा घाल म्हणणे, हा त्या भरवशाचा अपमान नव्हे काय?

शिवाय हा आपला वारसा आहे. विटीची दोन्ही टोके आपण प्रेमाने तासतो, दांडूने ती उडवून हवेतल्या हवेत टोलवतो, आणि ती झेलायला समोरची पोरे तिच्यावरच नजर लावून उभी असतात. कित्येक पिढ्यांनी यात एकेक डोळा वाहिला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असे आपण म्हणतोच. त्या हिशेबाने प्रत्येक मुलाजवळ एक शिलकीचा असतो.

क्रिकेटने तर या बाबतीत मोठे आदर्श घालून दिले. 2000 साली ढाक्याला कुंबळेचा चेंडू यष्टिरक्षक सबा करीमच्या डोळ्यावर बसला. बारा वर्षांनी, जुलै 2012 मध्ये, टाँटनला दक्षिण आफ्रिकेचा मार्क बाउचर फिरकीसमोर हेल्मेट न घालता यष्टींना चिकटून उभा होता. फलंदाजाचा त्रिफळा उडाला, बेल उडून बाउचरच्या डाव्या डोळ्यावर आली आणि बुबुळाभोवतालचा पांढरा भाग फाटला. त्याची कारकीर्द तिथेच संपली. आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याने 999 बळी टिपले होते. एक हजार हा आकडा तसाही फार सरधोपट. एका लाकडाच्या तुकड्याने तो टाळून दिला. आपल्या मैदानांवरची बारा-तेरा वर्षांची यष्टिरक्षक मुले तशीच उघड्या चेहऱ्याने उभी राहतात, आणि जाळीचे हेल्मेट किटच्या तळाशी सुरक्षित असते.

मार लागल्यावरच्या आपल्या उपचारांचे कौतुक करावे तेवढे थोडे. कोणी रुमालाचा बोळा करून तोंडाच्या वाफेने ऊब देतो आणि डोळ्यावर दाबतो. कोणी गार पाण्याचे सपकारे मारायला लावतो. कोणी गुलाबपाणी आणतो, कोणी घरात उरलेले जुने ड्रॉप. नेत्रतज्ज्ञ सांगतात की चोळू नका, दाबू नका, घरचे काही घालू नका, कागदी कपासारखे काही कडेच्या हाडावर टेकवून डोळा झाका आणि तडक या. नेत्रगोल फाटला असेल तर नुसत्या दाबाने आतला ऐवज बाहेर येऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे. पण इतका जिव्हाळ्याचा रुमाल सोडून कागदी कपाकडे कोण वळणार? आणि दोन दिवसांत लाली गेली की आपण निर्धास्त होतो. आतला पडदा काही आठवड्यांनी सुटू शकतो, काचबिंदू कित्येक वर्षांनी उगवू शकतो. तोवर तो सामना कोणाच्या लक्षातही नसतो. देणेकऱ्याला इतकी लांब मुदत दुसरे कोणते कर्ज देते?

काही देशांनी मात्र हा वारसा गमावला. कॅनडात आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांना पूर्ण मुखवटा सक्तीचा झाला आणि त्यांचे डोळे जाणे जवळपास थांबले. स्क्वॉशच्या जागतिक संघटनेने ज्युनियर स्पर्धांत संरक्षक चष्मा बंधनकारक केला आहे. हा चष्मा पॉलिकार्बोनेटचा असतो, रोजच्या चष्म्याच्या काचेसारखा फुटून डोळ्यात जात नाही. पिसांच्या शटलवर आपण महिन्याला जे उडवतो, तेवढ्यात तो येऊ शकतो. पण त्याने मुलगी कशी दिसेल, याचा विचार पालकांनी करायचा की नाही?

परवा हॉलमध्ये एक बाप नऊ-दहा वर्षांच्या लेकीला जोडीला घेऊन उतरला होता. तिचे बूट नवे होते. नाडी सुटू नये म्हणून त्याने खाली बसून दुहेरी गाठ मारली, केस डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून दोन क्लिपा लावल्या. मग म्हणाला, "तू नेटपाशी थांब बाळा, मागचं मी बघतो." पलीकडून उंच लॉब आला. बाप एक पाऊल मागे सरकला, त्याची रॅकेट वर गेली, आणि बाबा कसे मारतात ते पाहायला लेकीने मान वळवली.