सोबतीला मुलगा

पुण्याहून सायकलने गोव्याला जायचे दोन मार्ग आहेत. एक कोल्हापूरवरून हमरस्त्याने. त्याने माणूस गोव्याला पोचतो. दुसरा ताम्हिणी घाट उतरून, श्रीवर्धन-हरिहरेश्वरापाशी समुद्र गाठून, मग किनाऱ्याकिनाऱ्याने. त्याने माणूस आधी दापोलीला, मग गुहागरला, मग रत्नागिरीला पोचतो आणि सहाशेच्या आसपास किलोमीटर झाल्यावर कधीतरी गोवा येतो. थंडी पडली की या दुसऱ्या रस्त्यावर हल्ली एक जोडी हमखास दिसते. पुढे पस्तिशीचा एक तरुण: हेल्मेट, गॉगल, गादी शिवलेली तंग चड्डी, हँडलवर मिनिटामिनिटाला आकडे दाखवणारं यंत्र. त्याच्या मागे अर्ध्या किलोमीटरवर एक गृहस्थ. हेल्मेटच्या आत कानटोपी, फुलपँटच्या उजव्या पायाला रबर, आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला 'काय, कसं काय?' हे बाबा.

बाबा पाटबंधारे, वीज मंडळ, बँक किंवा आयुर्विमा यांपैकी कुठूनतरी निवृत्त झालेले असतात. मोहिमेत ते मुळात धरलेले नसतात. मुलाने दोन वर्षं बीआरएम नावाचा प्रकार केलेला असतो. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे असतात. केले की मेडल मिळतं. मिळतं म्हणजे विकत मिळतं. हे बाबांना ज्या दिवशी कळतं त्या दिवशी त्यांचा घास हातात थांबतो. "रात्रभर सायकल आपण मारायची आणि मेडलचे पैसेही आपणच भरायचे? मी छत्तीस वर्षं वेळेवर ऑफिसला गेलो!" यावर आई स्वयंपाकघरातून म्हणते, "मग या वेळी बाबांना घेऊन जा की. घरात नुसते रिमोट शोधत असतात." झालं, मोहीम दोघांची होते. मुलाची शेवटची आशा म्हणजे डॉक्टर. पण बाबा स्ट्रेस टेस्ट इतक्या चांगल्या मार्कांनी पास होतात की रिपोर्टाला फक्त फ्रेम करायची बाकी राहते. मुलाची टेस्ट करावी असं कोणाच्या डोक्यात येत नाही.

वास्तविक बाबांना सायकल नवी नाही. ते वाढले ते पुणे सायकलींचं होतं. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, उंची पुरत नाही म्हणून नळीखालून पाय घालून चालवायची, गुडघे फोडून घ्यायचे आणि तास संपायच्या आत परत करायची. सायकलीला पालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं तर पोलीस चाकातली हवा सोडून देई. कॉलेज, पहिली नोकरी, लग्नानंतरची पहिली दोन वर्षं बाबांनी बावीस इंची काळ्या अ‍ॅटलासवर काढली. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला, तेव्हा बाबांनी घरात ही बातमी धाकटे काका गेल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितली होती. तात्पर्य, सायकल या विषयात बाबांना शिकवायला जाऊ नये. मुलगा जातो.

मुलाने भाड्याने आणलेली हायब्रीड बाबांपुढे उभी केली जाते. उभी केली जाते म्हणजे भिंतीला टेकवली जाते, कारण तिला स्टँड नसतो. बाबा तिच्याभोवती एक फेरी मारतात. मडगार्ड नाही. चेनकव्हर नाही. घंटी नाही. कॅरियर नाही. "तुझीही अशीच आहे? मग बावीस हजारांत दिलं काय त्यांनी?" बावीस हा आकडा मुलाने सांगितलेला असतो. खरा आकडा घरात कोणालाच ठाऊक नसतो. दुसऱ्या दिवशी बाबा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून स्टँड, घंटी आणि कॅरियर बसवून आणतात. मोहीम होईपर्यंत मुलाची सायकल झाडाला, कुंपणाला, विजेच्या खांबाला आणि एकदा चुकून म्हशीला टेकवली जाते. बाबांची स्टँडवर असते.

या बावीस हजारांचं पुढे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. चहाच्या टपरीवर सायकल थांबली की कोकणातला माणूस आधी टायर दाबून बघतो आणि मग किंमत विचारतो. माणगावला बाबा 'बावीस हजार' म्हणतात, तक्रारीच्या सुरात. "एवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती," टपरीवाला म्हणतो. बाबा मान डोलावतात, पण हा शेरा त्यांना कुठेतरी लागलेला असतो. दापोलीत ते चाळीस सांगतात. गुहागरला पंचावन्न. रत्नागिरीच्या आसपास किंमत तिच्या खऱ्या आकड्याला शिवते, मुलाला क्षणभर घाम फुटतो, पण बाबा तिथे थांबत नाहीत. मालवणात ती सायकल दीड लाखाची झालेली असते आणि परदेशातून मागवलेली असते. "त्याला स्टँड नसतो," बाबा गिऱ्हाइकांना समजावून सांगतात, "वजन वाढतं ना!"

वजनाचं बाबांना कळतं ते फक्त चर्चेपुरतं. मुलाने बाटली अडकवायची जाळी कार्बनची घेतलेली असते, कारण त्यात तीसेक ग्रॅम वाचतात. टूथब्रशचा दांडा अर्ध्यावर कापलेला असतो. बाबा दापोलीत दोन किलो आमसुलं घेतात. गणपतीपुळ्याला आंबापोळी आणि फणसपोळी. देवगडात कुळथाचं पीठ, "इथलं वेगळं असतं." मालवणात खाजा, वेंगुर्ल्याला काजू. पिशव्या लटकवायला बाबांचं कॅरियर आहेच, पण त्यावर आधीच छत्री, औषधांचा डबा आणि आईने दिलेल्या दशम्या असतात. शेवटी सगळं मुलाच्या मागच्या पिशव्यांत जातं. वाटेत गोळा आला, डोकं गरगरलं तर मुलगा शास्त्रशुद्ध मिठाची पावडर पाण्यात घालतो. बाबा कोकमच्या आगळात मीठ-साखर घालून पितात. दोन्हींत मीठच असतं, हे मुलालाही मान्य असतं. तो फक्त बोलत नाही.

आता चढ. कोकणचा किनारा नकाशात बघून ज्यांना तो सपाट वाटतो त्यांनी एकदा रेवस-रेडी सागरी मार्गावर सायकल घालावी. इथे प्रत्येक गाव खाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या पातळीवर. आणि दोन गावांच्या मधे जांभ्या दगडाचा उंच सडा. उतरायचं, गाव ओलांडायचं, पुन्हा चढायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. ताम्हिणीत पुण्याहून येताना एकदाच काय ते उतरून होतं. इथे कमावलेली उंची दर तासाला परत करावी लागते. या चढांवर मुलगा सगळ्यात हलका गिअर टाकून, मान खाली घालून ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने वर सरकत असतो, कारण उतरून सायकल ढकलणं त्याच्या धर्मात बसत नाही. बाबांच्या धर्मात बसतं. चढ दिसला की ते शांतपणे उतरतात, हँडल धरतात आणि चालू लागतात. माणूस चालतो ताशी चारच्या वर. म्हणजे आरे-वारेच्या चढावर बाप-लेक शेजारी-शेजारी असतात: एक सायकलवर, फेसाळलेला, दुसरा पायी, गप्पांच्या तयारीत.

आणि इथेच बाबांची योजना उघडी पडते. घरात मुलगा कानात काहीतरी खुपसून असतो. गाडीत फोन चालू असतो. जेवताना सून, नातवंडं असतात. पण दहा टक्क्यांच्या चढावर मुलगा कुठे जाणार? बाबा लग्न न झालेल्याला लग्नाचं विचारतात, झालेल्याला मुलाबाळांचं, मुलंबाळं असलेल्याला फ्लॅटच्या हप्त्यांचं. "नोकरी बदलायची म्हणत होतास, त्याचं पुढे काय?" मुलाला श्वास नसतो. तो 'हं' म्हणतो. बाबा 'हं'चा अर्थ आपल्याला हवा तसा लावतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. मी पाहिलेल्या एका बाबांनी गुहागर ते तवसाळ या टप्प्यात चिरंजीवांच्या पुढच्या दहा वर्षांचा बंदोबस्त करून टाकला होता. मुलाने एकाही गोष्टीला नकार दिला नव्हता. माथ्यावर पोचून श्वास परत आल्यावर त्याला कळलं की आपण पुण्यातला फ्लॅट विकून आई-बाबांच्या शेजारच्या इमारतीत राहायला येणार आहोत.

पंक्चरचं फार सांगत नाही. मुलगा पाच मिनिटांत नवी ट्यूब घालतो. जुनी ट्यूब बाबा रात्री लॉजच्या बादलीत बुडवून, बुडबुडे बघून, घासून, सोल्युशन लावून दुरुस्त करतात आणि त्या दिवशी त्यांना गाढ झोप लागते.

दिवसाचं अंतरही बाबांच्या हातात असतं. मुलाच्या तक्त्यात नव्वद किलोमीटर लिहिलेले असतात, पण तक्त्यात देव धरलेले नसतात. अनेक चित्पावन घराण्यांचा कुलस्वामी व्याडेश्वर गुहागरात. तो चुकवून पुढे जाणं केवळ अशक्य. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हेदवीचा दशभुज गणेश, देवगडजवळचा कुणकेश्वर, झालंच तर रेडीचा खाणीत सापडलेला द्विभुज गणपती. आणि देव नसेल तिथे बाबांच्या खात्यातला कोणीतरी निवृत्त होऊन बंगला बांधून राहिलेला असतो. आरवलीला वेतोबाच्या देवळात भक्तांनी वाहिलेल्या हातभर लांबीच्या चपला असतात. वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. बाबा त्या चपला निरखतात, मग मुलाच्या पेडलला खटकन अडकणाऱ्या बुटांकडे बघतात. "हा रोज रात्री सगळं गाव चालतो. याला नाही लागत असलं काही." पुढच्या सिग्नलला त्याच बुटांतून पाय वेळेवर न सुटल्याने मुलगा सायकलसकट आडवा होतो, तेव्हा बाबा काही बोलत नाहीत. हा त्यांचा मोठेपणा.

मात्र बाबा खरे फुलतात ते फेरीबोटीवर. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला. बोटीवर दहा-पंधरा मिनिटं कोणी कुठे जाऊ शकत नाही, त्यामुळे श्रोते पक्के असतात. दोन मोटरसायकलवाले, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, मुंबईची एक गाडी. पहिल्या बोटीवर बाबा सांगतात, "आम्ही दोघं पुण्याहून सायकलने निघालोय." दुसऱ्या बोटीवर "पुण्याहून सायकलने निघालोय" एवढंच. तिसऱ्या बोटीवर मुंबईच्या बाई विचारतात, "या वयात? एकटे?" बाबा नम्रपणे म्हणतात, "नाही, सोबतीला मुलगा आहे." मुलगा कठड्यापाशी गुडघ्याला मलम चोळत असतो. मोहिमेत कुरकुरतो तो गुडघा नेहमी मुलाचाच.

शेवटची बोट तेरेखोलची. खाडीच्या अलीकडचा तेरेखोल किल्ला महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याचा आहे आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी, पोर्तुगीज असतानाच, सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला होता, हे बाबा सगळ्या बोटीला ऐकवतात. मुलगा याच वेळी शेवटच्या टप्प्याचा व्हिडिओ घेत असतो. त्यात पुढे फक्त बाबांचा आवाज ऐकू येतो. पलीकडे केरी, आणि मग उरलेले चाळीसेक किलोमीटर पणजीपर्यंत.

मिरामारच्या किनाऱ्यावर मोहीम संपते. मुलाने मोहिमा संपवणाऱ्यांचे पुष्कळ व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यांत माणसं सायकल डोक्यावर उचलतात, वाळूवर गुडघे टेकतात, रडतात. मुलगा सायकल उचलतो आणि आमसुलांच्या वजनाने पुन्हा खाली ठेवतो. रडायच्या तयारीत बाबांकडे वळतो, तर बाबा फोनवर: "हां, पोचलो. नाही, काही दुखत नाहीये. तू जेवलीस का? आणि गॅसचा नंबर लावला का?" मग ते वाळू चेनमध्ये गेल्याबद्दल दोन्ही सायकलींसाठी गोड्या पाण्याचा नळ शोधायला जातात. तेवढ्यात जमलेले चार पर्यटक त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात. फोटो मुलगा काढतो.

रात्रीच्या बसच्या डिकीत सायकली आडव्या घालून दोघं परततात आणि बाबांच्या सायकलीचा स्टँड तेवढा वाकतो. आठवड्याभरात स्थानिक पुरवणीत तीन ओळी येतात: अमुक वयाच्या ज्येष्ठ नागरिकाची पुणे-गोवा सायकल मोहीम यशस्वी. सोसायटीत शाल-श्रीफळ होतं. मुलाला गुलाबाचं फूल मिळतं, तेही सूत्रसंचालकाला कोणीतरी आठवण करून दिल्यावर. मेडलवरून घास थांबवणारे बाबा शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या सरकवून सन्मानचिन्हाला जागा करतात. ते विकत घ्यावं लागलेलं नसतं, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

सध्या बाबा ज्येष्ठ नागरिक संघांतून 'माझी सागरी सायकलवारी' या विषयावर सचित्र व्याख्यान देतात. 'पुढचं चित्र' असं ते म्हणाले की खाली बसलेला एक पस्तिशीचा गृहस्थ बटण दाबतो. तुमच्या संघात कार्यक्रम ठेवायचा असेल तर शनिवार-रविवार सोडून कधीही विचारा, त्या दिवशी ते सरावाला जातात. मानधन घेत नाहीत. लॅपटॉप आणि मुलगा स्वतःचा आणतात.